रिकाम्या दाढेचा राखण्या

मी एक जुना राखण्या आहे. राखण्या म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शेताच्या बांधावर काठी घेऊन खोकत बसलेला एखादा म्हातारा येईल. मित्रांनो, मी तसा नाही. तुमच्या करंगळीच्या नखावर मावेन एवढाच माझा जीव. पोलादाच्या पातळ पट्टीचं एक कडं आणि त्याला जोडलेली तारेची इवलीशी कमान, बस्स. सध्या माझा मुक्काम आगाशीला, जयराम नावाच्या वाडीवाल्याच्या घरावर, दोन कौलांच्या सांध्यात आहे. इथे समुद्राचा वारा येतो, खालून केळीच्या पानांची सळसळ येते आणि काम म्हणाल तर काही नाही. रिकामा बसलोच आहे, तर आपली गोष्ट सांगून टाकावी.

डॉक्टरी भाषेत मला स्पेस मेंटेनर म्हणतात. ते नाव या घरात कोणाच्याच जिभेवर बसलं नाही, आणि मला विचाराल तर बरंच झालं. इतकं लांबलचक नाव घेऊन एवढ्याशा तोंडात राहायचं, म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

माझी गोष्ट मात्र माझ्या जन्माच्या आधीच सुरू झाली होती. जयरामआजोबांची नात दिपिका तेव्हा सात वर्षांची होती. दुसरीत जायची, पुढचे दोन दात पडून नवे अर्धवट आले होते, हसली की सशासारखी दिसायची. तिच्या घरी सुकेळी होत. पिकलेली राजेळी केळी सोलायची, वाडीतल्या मांडवावर उन्हात वाळवायची आणि तांबूस, चिकट झाली की वाळक्या केळीच्या पानात आवळून बांधायची. आजोबांची बहीण रंभाआत्या या कामात मोठी वाकबगार. बांधता बांधता एखादं सुकेळं ती दिपिकाच्या हातावर ठेवी. दिपिका ते गालात धरून चघळे आणि तशीच झोपून जाई. सकाळी उठल्यावर गालात काही नसे, पण दाढांच्या खाचेत गोडवा चिकटलेला असे.

खालच्या जबड्यातल्या, डाव्या बाजूच्या एका दुधाच्या दाढेवर आधी एक काळा ठिपका आला. आईनं तो पाहिला, बाबांनी पाहिला, रंभाआत्यानंही चष्मा लावून पाहिला. सगळ्यांचं म्हणणं एकच, "दुधाचीच आहे. पडायचीच आहे." मग ठिपक्याचं भोक झालं, भोकाचा ठणका झाला आणि एका सकाळी दिपिकाचा गाल टम्म सुजला. आजोबा तिला एसटीनं विरारला डॉक्टर मार्सेलकडे घेऊन गेले. दाढ वाचवण्यासारखी राहिली नव्हती. ती काढावी लागली.

दाढ कापसात गुंडाळून घरी आली. तोंडातून पडलेला दात कौलावर टाकायचा, ही आगाशीतली जुनी रीत. रंभाआत्यानं दिपिकाला अंगणात उभं केलं आणि दोघींनी मिळून म्हटलं, "उंदीरमामा, उंदीरमामा, आमचा बोथट घे, तुझा धारदार दे." दाढ टुणकन कौलावर गेली. घरच्यांना वाटलं, संपलं प्रकरण.

डॉक्टरांना तसं वाटत नव्हतं. आठ दिवसांनी दिपिका दाखवायला गेली, तेव्हा त्यांनी आजोबांना आरसा धरून ती रिकामी जागा दाखवली.

"काका, इथे खाली नवा दात तयार होतोय. पण तो यायला अजून तीन-चार वर्षं आहेत. तोपर्यंत बाजूचे गप्प बसणार नाहीत. मागची दाढ पुढे सरकणार, पुढचा सुळा मागे कलणार. मग याची वेळ येईल तेव्हा जागाच नसेल. एकतर वाकडा येईल, नाहीतर आतच अडकून राहील."

आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो, ते आजोबांना कोणी सांगायला नको होतं. केळीच्या ओळीत एखादा गड्डा मेला, की त्या रिकाम्या जागेला नांगी म्हणतात. आजोबा त्या नांगीत लगेच एक काठी रोवून ठेवत. नवं रोप मिळेपर्यंत काठी उभी. शेजारच्या केळीच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू तिकडे सरकलं की ते काढून टाकत.

"म्हंजे नांगीतली काठी," आजोबा म्हणाले. "राखण्या बसवायचा म्हना की."

डॉक्टर हसले. "अगदी तसंच. राखण्या."

अशा रीतीनं, मित्रांनो, मी जन्मायच्या आधीच माझं बारसं झालं.

माझा जन्म दवाखान्याच्या मागच्या छोट्या खोलीत झाला. दिपिकानं एक गुलाबी लगदा दातांखाली घट्ट धरला, त्यात तिच्या दातांचे ठसे उमटले आणि त्यांवरून प्लास्टरचा पांढरा जबडा तयार झाला. त्या जबड्यावर डॉक्टरांनी मला घडवलं. पट्टी वळवून कडं केलं, तार वाकवून कमान केली आणि निळ्या ज्योतीवर दोघांना एकजीव केलं. आगीतून निघालो तेव्हा मी काळाठिक्कर होतो. मग त्यांनी मला घासलं, चमकवलं, दिव्यासमोर धरलं आणि स्वतःशीच म्हणाले, "छान झालास." आयुष्यात एवढी सरळ शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही, म्हणून ती अजून आठवते.

मला बसवलं तेव्हा दिपिकानं आजोबांचं बोट घट्ट धरलं होतं. मागच्या दाढेला मी मिठी मारली, माझी कमान पुढच्या सुळ्याला टेकली आणि मधली जागा माझ्या ताब्यात आली. डॉक्टरांनी बजावलं, "चिकट काही खायचं नाही. सुकेळी तर अजिबात नाही. रोज नीट घासायचं. आणि हा कधी निघालाच, तर डबीत घालून लगेच माझ्याकडे आणायचा. लगेच." त्यांनी एक निळी प्लास्टिकची डबीही दिली. ती दिपिकानं दप्तरात ठेवली.

तोंडात राहणं कसं असतं, हे तुम्हाला कसं सांगू? तिथे संध्याकाळ नसते, ऋतू नसतात. ओठ उघडले की उजाडतं, मिटले की मावळतं. अंधारात दूरवर श्वासाची भरती-ओहोटी चाललेली असते. आंब्याचे दिवस आले की सगळीकडे आंबाच असतो, दुसरं जगच नसतं. दिपिका बोलायची तेव्हा तिचे शब्द आधी माझ्यावरून जायचे आणि मग जगाला ऐकू यायचे. तिची काही गुपितं मी अशीही ऐकली, जी ओठांपर्यंत आली आणि परत फिरली.

तिच्या जिभेची आणि माझी मैत्री झाली. सकाळी जाग आली की जीभ आधी माझ्याकडे यायची, कमानीवरून एक फेरी मारायची. पाढे म्हणताना अडली की मला टोकायची. शाळेत एक-दोघांनी "लोखंडी तोंड" म्हणून चिडवलं, तेव्हा ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आली. माझ्या खाली, हिरडीच्या आत, कोणीतरी झोपलेलं होतं. मला तो दिसत नव्हता. पण मी त्याच्या दारावर उभा आहे, एवढं मला कळत होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता.

आजोबा रोज वाडीतून आले की पाय धुता धुता विचारत, "राखन्या जागेवर हाय ना गो?" दिपिका आ करून दाखवी. आजोबा मान डोलवत आणि चहाला बसत.

असं दीड वर्ष गेलं. दिपिका आता चौथीत जाणार होती. होळीच्या आसपासची गोष्ट. ऊन कडक पडलं होतं, मांडवावरची सुकेळी छान उतरली होती. रंभाआत्या अंगणात बांधायला बसली होती आणि दिपिका तिला पानं पुसून देत होती. वास असा सुटला होता की दगडाच्याही तोंडाला पाणी सुटावं. एकच, असं म्हणून दिपिकानं एक तोंडात टाकलं. डाव्या बाजूला टाकलं. सुकेळ्यानं मला धरलं, वर ओढलं आणि इतक्या दिवसांची माझी मिठी सुटली.

दिपिकानं मला तळहातावर काढलं. ती घाबरली होती. "आत्या, हे पडलं."

आत्याचा चष्मा घरात होता. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. "तुझ्या दाढेच्या जागचं ना? मग आता नवी येनार. टाक कौलावर."

"पण डॉक्टर म्हणाले होते, डबीत..."

"डॉक्टर विरारचा. त्याला आपली रीत काय ठाव? तोंडातून पडलं ते कौलावर जातं, पोरी. आनि कोनाला सांगायचं नाय, नायतर उंदीरमामा रुसतो."

रंभाआत्याच्या मनात कपट नव्हतं. तिनं स्वतःचे, भाच्यांचे, सगळ्या घराचे दात असेच कौलावर पोचवले होते आणि सगळ्यांना नवे दात आले होते. दिपिकाला तर काय, सुकेळं खाल्ल्याबद्दल बोलणी बसणार नव्हती, शिवाय नवा दात लवकर येणार होता. तिनं डोळे मिटून गाणं म्हटलं आणि मला भिरकावलं.

मी कौलांवर आपटलो, घरंगळलो आणि दोन कौलांच्या सांध्यात अडकलो. वर एवढं मोठं आकाश होतं की मला भोवळ आली. आयुष्यभर मी कधी एवढा उजेड पाहिला नव्हता.

"तू कोण?" शेजारून कोणीतरी विचारलं.

पाहतो तर एक दुधाची दाढ. उन्हानं पिवळी पडलेली, एका बाजूनं पोखरलेली. मी माझं नाव, गाव, काम सांगितलं. तिनं मला नीट निरखलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या जागेवर तू होतास."

मित्रांनो, आपण ज्याच्या जागेवर काम केलं, त्याची गाठ पडणं फार थोड्यांच्या नशिबी असतं. खाली मांडवावर केळी वाळत होती, त्यांचा गोड वास वर येत होता, दुपारच्या झळांमध्ये माडांचे शेंडे पाण्यात हलावेत तसे हलत होते. दाढ हळूहळू बोलू लागली.

"तो माझ्या मुळांच्या कुशीत झोपायचा," ती म्हणाली. "अगदी लहान होता, तांदळाच्या कणीएवढा. मी त्याच्या डोक्यावरचं छप्पर होते. तो मोठा झाला असता, त्यानं मला खालून हळूच ढकललं असतं आणि मी त्याला जागा देऊन पडले असते. आमच्यात असंच असतं. पण मला आधीच किडीनं धरलं. सगळे म्हणाले, पडायचीच आहे. कोणी असं म्हणालं नाही की अजून वेळ आहे." मग तिनं विचारलं, "आता त्याच्याजवळ कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. हे म्हणताना मला जेवढं वाईट वाटलं तेवढं आगीतही वाटलं नव्हतं.

दिवस जात राहिले. चिमण्या येत, चोचीनं मला उलटंपालटं करून सोडून देत. उंदीरमामा काही आला नाही. वरून मला अंगण दिसे. आजोबा पाय धुताना विचारत, "राखन्या जागेवर हाय ना गो?" दिपिका ओठ घट्ट मिटून मान हलवी. आधी ती धावत येऊन आ करायची, आता लांबूनच मान हलवायची. आजोबांना वाटे, पोर मोठी झाली, लाजते. एकदा ती अंगणात एकटीच हातात आरसा धरून बोटानं गाल ओढून बघत होती. नवा दात आलेला नव्हता. तिची जीभ त्या रिकाम्या जागेत जात असणार आणि मी तिथे नसणार. मागची दाढ एव्हाना पुढे झुकायला लागली असेल, हे मला इथे पडल्या पडल्या कळत होतं. ज्याच्या दारावर मी उभा होतो, त्याचं दार हळूहळू बंद होत होतं आणि मी कौलावर ऊन खात पडलो होतो.

पावसाआधी कौलं चाळावी लागतात. मे महिना सरत आला तेव्हा आजोबा शिडी लावून वर चढले. रंभाआत्या खालून शिडी धरून "दादा, जपून" म्हणत होती. एकेक कौल उचलत, झाडत आजोबा आमच्यापर्यंत आले. आधी त्यांना दाढ सापडली. ते हसले. मग मी सापडलो. त्यांचं हसू गेलं.

त्यांनी मला ओळखलं होतं. त्यांनी मला सदऱ्याच्या टोकानं पुसलं. मग त्यांनी दाढ पुन्हा जिथल्या तिथे ठेवली, वर कौल घातलं, मला सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि खाली उतरले.

"दिपिका, इकडे ये."

तिनं आजोबांच्या हातात मला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"कधी?"

"होळीला." मग ती रडायलाच लागली. "मी रोज खोटीच मान हलवली, आजोबा."

रंभाआत्या मध्ये आली. "तिला नको बोलू. मीच टाकायला लावलं. मला वाटलं, दाताचंच काय ते." तिनं पदर तोंडाला लावला. "त्याची जागा गेली काय रे दादा?"

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी निळी डबी मागितली, मला तिच्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं तिघं विरारला निघाली. रंभाआत्याला कोणी चल म्हटलं नव्हतं. ती आपणहून पायात चपला घालून उभी राहिली होती.

डॉक्टर मार्सेलनी मला धुतलं, उकळलं आणि जागेवर लावून पाहिलं. मी बसेना. जिथे मी दीड वर्ष ऐसपैस राहिलो होतो, तिथे आता माझी कमान मावत नव्हती. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि दिव्यासमोर धरला. रंभाआत्या डॉक्टरांकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती.

"जागा कमी झाली आहे," शेवटी डॉक्टर म्हणाले. "पण गेली नाही. पावसाळ्यानंतर आला असतात तर मी काही करू शकलो नसतो."

रंभाआत्यानं पहिल्यांदा मान वर करून डॉक्टरांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी चिमट्यानं माझी कमान दाबून आखूड केली. मला दुखलं. वाकण्याचं दुःख नव्हतं, मित्रांनो. त्याची जेवढी जागा मी घालवली, तेवढाच मी लहान झालो, याचं दुःख होतं. पण मी पुन्हा दाढेला मिठी मारली आणि या वेळी अशी मारली की काही झालं तरी सोडायची नाही. थोड्या वेळानं अंधारात जीभ आली. आधी घाबरत घाबरत, मग नेहमीची फेरी मारून गेली.

त्यानंतर दिपिकानं सुकेळं तोंडात घातलं नाही. रंभाआत्या तिला पानं पुसायलासुद्धा जवळ बसवेना. आजोबांनी पुन्हा रोज विचारायला सुरुवात केली आणि दिपिका पुन्हा धावत येऊन आ करायला लागली.

दोन वर्षांनी एके दिवशी मला खालून काहीतरी टोचलं. हळूच, दार वाजवल्यासारखं. मी इतका हरखलो की जिभेला ते लगेच कळलं.

डॉक्टरांनी मला काढलं तेव्हा दिपिका अकरा वर्षांची होती. कडं सैल झालं, मी वर उचलला गेलो आणि चिमट्यात लटकताना, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, मी त्याला पाहिलं. पांढराशुभ्र होता. थोडा तिरका होता, गर्दीतून वाट काढताना माणूस एक खांदा पुढे काढतो तसा. मी त्याच्यासाठी जन्मलो होतो आणि माझी त्याची भेट एवढीच झाली.

"हा वाकडा का?" दिपिकानं आरशात बघत विचारलं.

"थोडी दाटी झाली त्याला," डॉक्टर म्हणाले. "पण आला बघ."

रंभाआत्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. डॉक्टर मला कचऱ्याच्या डब्यात टाकणार होते. गरज सरो, वैद्य मरो, जगाची रीतच आहे. पण दिपिकानं हात पुढे केला आणि मला मागून घेतलं. निळ्या डबीतून मी आगाशीला आलो.

अंगणात तिनं डबी रंभाआत्यापुढे धरली. आत्या दोन पावलं मागे सरली. "मी नाय टाकत, बाय. माझ्यापायी एकदा झालं तेवढं पुरे."

"आता टाकायचंय, आत्या," दिपिका म्हणाली. "आता त्याचं काम झालंय."

आत्यानं मला हातात घेतलं. तिनं गाणं म्हटलं की नाही, मला ऐकू आलं नाही. मी हवेत होतो, मग कौलांवर होतो, मग घरंगळत त्या ओळखीच्या सांध्याशी. दाढ तिथेच होती. आणखी पिवळी झाली होती.

"आला?" तिनं विचारलं.

"आला."

"जागा होती त्याला?"

"थोडी कमी पडली," मी म्हणालो. "पण होती."

खाली अंगणात दिपिका आजोबांना आ करून दाखवत होती आणि आजोबा चष्मा पुसत होते. तिन्हीसांजेच्या वाऱ्यात केळीची पानं हलत होती. पुष्कळ वेळानं दाढ म्हणाली, "खाली जाऊन मुलांना एक सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं."

तिला खाली जाता येत नाही, म्हणून मित्रांनो, तिचं सांगणं मीच तुमच्यापर्यंत पोचवतो आहे. तुमच्या तोंडात कुठे काळा ठिपका दिसला आणि घरात कोणी म्हणालं, दुधाचाच आहे, पडायचाच आहे, तर त्यांना सांगा, हो, पडायचाच आहे. पण त्याच्या वेळेला पडू द्या. त्याच्या कुशीत अजून कोणीतरी झोपलं आहे.